लेखी खुलासा दोन दिवसांत सादर करावा

विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी हायस्कुलात मास्तर होते. शाळेत शिकवायचं आणि घरी आल्यावर 'निबंधमाला' लिहायची, हा त्यांचा क्रम १८७४ पासून सुरू झाला. मिशनऱ्यांबद्दल आणि इंग्रजी राज्याच्या थोरवीबद्दल त्यांनी जे लिहिलं ते वरिष्ठांना पचणारं नव्हतं. काही वर्षांनी त्यांची पुण्याहून रत्नागिरीला बदली झाली. लेखनामुळेच ती झाली, असं तेव्हापासून मानलं जातं. कागदोपत्री मात्र ती शिक्षा नव्हती, बदलीच होती. कुठल्याही आदेशात 'निबंधमाला'चा उल्लेख करण्याची गरज नव्हती. १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं.

चिपळूणकरांपाशी राजीनामा देऊन स्वतःची शाळा काढण्याची धमक होती, टिळकांसारखे सोबती होते. आजच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींपाशी किंवा बाईंपाशी घराच्या कर्जाचा हप्ता असतो, तालुक्याला शिकणारी मुलं असतात, गावाकडे थकलेले आईवडील असतात. त्यांना गप्प बसवायला रत्नागिरी लागत नाही, चाळीस किलोमीटरवरची दुसरी शाळा पुरते. त्याहूनही स्वस्त साधन म्हणजे एका पानाची नोटीस. 'सदर बाब गंभीर असून आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कार्यवाही का प्रस्तावित करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा दोन दिवसांत सादर करावा' या धाटणीचं वाक्य ज्यानं एकदा वाचलं, तो पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर काही लिहिताना थांबतो. त्याच्या शेजारच्या शाळेतला, ज्याला नोटीस आलेलीच नाही, तोही थांबतो.

शाळेतल्या सरकारी नोकराला बोलण्याचं स्वातंत्र्य किती, आणि बोलल्यावर काय होतं, या प्रश्नाचा आढावा घेताना माझं लक्ष सारखं या दुसऱ्या माणसाकडे जातं. शिक्षा झालेल्यांची नोंद कुठे ना कुठे असते. बोलायचं टाळलेल्यांची कुठेच नसते.

आधी नियम पाहू. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम लागू होतात आणि शिक्षेसाठी १९६४ चे शिस्त व अपील नियम. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम आहेत. खासगी अनुदानित शाळांतल्या कर्मचाऱ्यांचा कारभार १९७७ च्या अधिनियमावर आणि १९८१ च्या नियमावलीवर चालतो. देशभर अशा नियमांचा सांगाडा साधारण सारखाच आहे. राजकारणात भाग घेऊ नये. परवानगीशिवाय वृत्तपत्रांशी संबंध ठेवू नये. शासनाच्या चालू किंवा अलीकडच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नये. कथा, कविता, शास्त्रीय लेखन यांना मोकळीक आहे. मराठीत कितीतरी चांगले कवी आणि कथाकार प्राथमिक शिक्षक आहेत, त्यांना ही फट बरीच उपयोगी पडली आहे. परंतु या सगळ्याच्या वर एक सर्वसमावेशक कलम बसलेलं असतं: सचोटी राखावी, कर्तव्यपरायण असावं आणि पदाला अशोभनीय ठरेल असं काही करू नये. 'अशोभनीय' म्हणजे काय ते लिहिलेलं नाही. ते ठरवतो नोटीस काढणारा.

२०२५ च्या जुलैअखेरीस महाराष्ट्राच्या सामान्य प्रशासन विभागानं समाजमाध्यमांबद्दल सूचना काढल्या. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नका, गोपनीय कागद फिरवू नका, असा त्याचा आशय. स्थानिक स्वराज्य संस्थांचे आणि कंत्राटी कर्मचारीही त्यात आले. गोपनीय कागद न फिरवण्याबद्दल कुणाची तक्रार नसावी. पण शाळा हे असं खातं आहे की तिथे धोरण आणि रोजचं काम वेगळं काढता येत नाही. गणवेशाचं कापड वेळेवर आलं नाही, एका शिक्षकावर चार वर्ग आहेत, पोषण आहाराचा तांदूळ किडका निघाला, ही वाक्यं म्हणजे कामाची माहिती की धोरणावर टीका? गावात ती माहिती असते. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात ती टीका होते.

केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत या टीकेच्या कलमालाच जोडून एक अपवाद आहे: कर्मचाऱ्यानं आपल्या अधिकृत नात्यानं किंवा नेमून दिलेलं कर्तव्य बजावताना जे म्हटलं असेल त्याला हे कलम लागू नाही. या अपवादाकडे फारसं कुणी बघत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे, त्याकडे पुढे येतो.

सरकारी नोकरीत आल्यानं माणूस मूलभूत हक्क गमावत नाही, हे आपल्याकडे फार पूर्वी ठरलं आहे. कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या १९६२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं कर्मचाऱ्यांना सरसकट निदर्शनबंदी करणारा बिहारचा नियम तेवढ्यापुरता रद्द केला. संपाचा हक्क मात्र दिला नाही, आणि २००३ च्या तामिळनाडू प्रकरणात तो नाहीच असं आणखी ठासून सांगितलं. १९९८ मध्ये पारडं दुसरीकडे झुकलं. कर्नाटकातल्या एका सरकारी महामंडळाच्या कर्मचाऱ्यानं महामंडळातल्या गैरकारभाराबद्दल राज्यपालांना पत्र लिहिलं, वृत्तपत्रांकडे निवेदन दिलं. त्याची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. संस्थेची शिस्त आणि कार्यक्षमता यांसाठी घातलेली बंधनं वाजवी आहेत, असा त्या निकालाचा रोख होता. त्यानंतर २०२० च्या जानेवारीत त्रिपुरा उच्च न्यायालयानं, निवृत्तीला काही दिवस उरले असताना फेसबुकवरच्या मजकुरामुळे आणि एका सभेला हजर राहिल्यामुळे निलंबित झालेल्या मत्स्य विभागातल्या महिला कर्मचाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला. सभेला हजर असणं म्हणजे राजकारणात भाग घेणं नव्हे आणि सरकारी नोकरालाही स्वतःची मतं असू शकतात, हे त्यात स्पष्टपणे म्हटलं आहे.

म्हणजे निकाल दोन्ही बाजूंना आहेत. पण शिक्षकाच्या दृष्टीनं मोठी अडचण निकालाच्या आधीची आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला प्रशासकीय न्यायाधिकरणाचं दार उघडं नाही. त्यानं विभागीय आयुक्तांकडे अपील करायचं आणि तिथे निभावलं नाही तर उच्च न्यायालयाच्या खंडपीठासमोर उभं राहायचं. गंमत म्हणून कुणी हे करत नाही. दोन ओळींच्या मजकुरासाठी वकिलाची फी, तारखा, रजा आणि घरातली चिंता पत्करायची, मग काही वर्षांनी कदाचित आपण बरोबर होतो असा कागद हातात पडायचा. खासगी अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरण आहे. बडतर्फीविरुद्ध तीस दिवसांत तिथे अपील करता येतं. संस्थाचालकांच्या लहरीपासून त्यानं अनेकांना वाचवलं आहे. पण नोटीस, टोमणे, तास काढून घेणं, वेतनवाढीचा प्रस्ताव टेबलावर पडून राहणं, यासाठी कुठलंही न्यायाधिकरण नाही.

निलंबनाचीही गोष्ट तशीच. नियमांच्या भाषेत निलंबन ही शिक्षा नसते. चौकशीत अडथळा येऊ नये म्हणून केलेली ती तात्पुरती व्यवस्था असते. पगार निम्म्यावर येतो, गावात बातमी होते, मुलांसमोर दुसरे गुरुजी उभे राहतात. दोषारोपपत्र दिलं नसेल तर निलंबन तीन महिन्यांपुढे नेऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रानं तसा शासन निर्णय काढला. हा बदल चांगला झाला. तरी तीन महिने म्हणजे एक सत्र जवळजवळ संपतं.

निलंबनाचा वापर कसा होतो, हे २८ जून २०१८ रोजी सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. उत्तराखंडच्या मुख्यमंत्र्यांच्या जनता दरबारात उत्तरकाशी जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. वय सत्तावन्न. पतीचं निधन झालेलं. दुर्गम भागात पंचवीस वर्षं काढल्यावर मुलांजवळ, डेहराडूनला बदली मिळावी, एवढं मागायला त्या आल्या होत्या. आवाज चढला आणि मुख्यमंत्र्यांनी तिथल्या तिथे निलंबनाचा आणि ताब्यात घेण्याचा हुकूम सोडला. दरबार तक्रारी ऐकण्यासाठी भरवला होता, हे लक्षात ठेवावं. त्या बाईंनी धोरणावर लेख लिहिला नव्हता, मोर्चा काढला नव्हता. स्वतःचं गाऱ्हाणं, जिथे सांगा म्हणून बोलावलं होतं तिथेच, त्यांनी सांगितलं होतं.

ते सरकार भाजपचं होतं. २०२३ च्या मे महिन्यात कर्नाटकात काँग्रेसचं सरकार आलं आणि शपथविधीच्या सुमारासच चित्रदुर्ग जिल्ह्यातला एक सरकारी शिक्षक निलंबित झाला. वेगवेगळ्या मुख्यमंत्र्यांच्या काळात राज्यावरचं कर्ज किती वाढलं याचे आकडे मांडून, फुकट योजना दिल्यावर दुसरं काय होणार, अशा अर्थाचा मजकूर त्यानं फेसबुकवर टाकला होता. २०२५ च्या जुलैमध्ये उत्तर प्रदेशात बरेलीच्या एका शिक्षकावर, मुलांसमोर कावड यात्रेबद्दल कविता म्हटल्यावरून गुन्हा दाखल झाला. पक्ष बदलतात, राज्यं बदलतात, कार्यपद्धती तीच राहते. ज्यांना वाटतं की आपल्या पसंतीचं सरकार आलं की हा प्रश्न सुटेल, त्यांनी ही तीन प्रकरणं एकापुढे एक ठेवून पाहावीत.

शिक्षकाच्या बोलण्याचा सर्वांत बारकाईनं विचार अमेरिकेतल्या न्यायालयांनी केला आहे. कारण तिथे या विषयाचा कायदाच मुळी एका शिक्षकापासून सुरू झाला. इलिनॉय राज्यातल्या मार्विन पिकरिंग यांनी स्थानिक वृत्तपत्राला पत्र लिहिलं: शाळा मंडळ कर्जरोख्यांतून उभा केलेला पैसा कसा वापरतं, अभ्यासापेक्षा खेळावर जास्त खर्च कसा करतं. मंडळानं त्यांना काढून टाकलं. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कारवाई अवैध ठरवली. पत्रातले काही आकडे चुकले होते, तरीही. न्यायालयाचं म्हणणं असं की शाळेचा पैसा नीट खर्च होतो का, हे सांगायला शिक्षकाइतका जाणकार दुसरा कोण? सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर नागरिक म्हणून बोलण्याचा त्याचा हक्क एका तागडीत आणि शाळेचं काम सुरळीत चालण्याची गरज दुसऱ्या तागडीत घालून पाहिलं पाहिजे.

माझ्या मनात घर केलेला निकाल मात्र १९७९ चा आहे. मिसिसिपीतल्या बेसी गिव्हन या शाळेतल्या शिक्षिकेनं वृत्तपत्राला काही लिहिलं नाही. त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या आणि शाळेचे नोकरभरतीचे प्रकार वंशभेद करणारे आहेत, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. त्यांची नोकरी गेली. सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की बोलणं बंद दाराआड झालं म्हणून त्याचं संरक्षण जात नाही. आपल्याकडच्या शाळांत खरं बोलणं बहुतेक वेळा याच खोलीत होतं किंवा होता होता राहतं. केंद्रप्रमुखांसमोर, विस्तार अधिकाऱ्यांच्या भेटीत, शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी. वृत्तपत्राला पत्र पाठवणारे विरळाच. म्हणून गिव्हन यांचा निकाल आपल्या परिस्थितीला जास्त जवळचा वाटतो.

त्या कायद्यालाही पुढे ओहोटी लागली. १९७७ मध्येच ओहायोतल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात न्यायालयानं म्हटलं होतं की बोलला नसता तरी दुसऱ्या कारणानं याला काढलंच असतं, एवढं मंडळानं सिद्ध केलं तर पुरे. वरिष्ठांना दुसरं कारण शोधायला शिकवणाराच हा निकाल होता. मग २००६ चा गार्सेटी निकाल आला. तो लॉस एंजेलिसच्या एका सरकारी वकिलाबद्दल होता, पण पाच विरुद्ध चार मतांनी जे ठरलं ते शिक्षकांनाही जाऊन भिडलं: अधिकृत कर्तव्याचा भाग म्हणून जे म्हटलं जातं त्याला अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं संरक्षण नाही. इंडियानातल्या एका शिक्षिकेनं इराक युद्धाबद्दल मुलांच्या प्रश्नाला उत्तर देताना स्वतःचं मत सांगितलं म्हणून नोकरी गेल्याची दाद मागितली. वर्गात बोलणं हे तिचं कामच, तेव्हा संरक्षण नाही, असं अपील न्यायालयानं गार्सेटीनंतर दुसऱ्याच वर्षी ठरवलं.

आता दोन्ही देशांतला फरक पाहा. अमेरिकेत कामाबाहेर नागरिक म्हणून बोलाल तर संरक्षण, कामाचा भाग म्हणून बोलाल तर नाही. आपल्या नियमांत नागरिक म्हणून टीका कराल तर कारवाई, पण कर्तव्य बजावताना बोलाल तर कलम लागूच होत नाही. हा उलटा मांडलेला नियम शिक्षकाच्या फायद्याचा ठरू शकतो. शाळेच्या स्थितीबद्दल खरी माहिती सांगणं हे शिक्षकाचं नेमून दिलेलं कर्तव्यच आहे, असं एकदा शासनानं लेखी म्हटलं, तर वर्गखोलीचं छत गळतं हे सांगणाऱ्याकडे खुलासा मागता येणार नाही. उलट छत गळत असताना 'सर्व काही ठीक' असा अहवाल भरणाऱ्याकडे तो मागावा लागेल.

नियम नसतानाही भीती कशी पसरते, याचा एक मोजलेला पुरावाही अमेरिकेतूनच मिळतो. रँड या संस्थेनं २०२४ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ६५ टक्के शिक्षकांनी सांगितलं की राजकीय आणि सामाजिक विषयांवर वर्गात बोलणं आम्ही स्वतःहून आवरतं घेतलं आहे. ज्या शिक्षकांवर राज्याचं किंवा स्थानिक कोणतंही बंधन नव्हतं, त्यांच्यातही अशांचं प्रमाण ५५ टक्के होतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राजकीय कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून अनेक राज्यांत शिक्षकांना निलंबित केलं गेलं किंवा काढून टाकलं गेलं. त्यातले काही मजकूर खरोखर क्रूर होते, कुणाच्याही मरणावर आनंद मानणं मला मान्य नाही. पण घाऊक कारवाई झाली की क्रूर वाक्य आणि नुसतं कडू वाक्य यांतला फरक पाहायला कुणी थांबत नाही.

शिक्षकाच्या बोलण्याला मर्यादा हव्यातच. त्याच्यापुढे बसलेलं मूल सहा वर्षांचं असतं, उठून जाऊ शकत नाही, आणि गुरुजी म्हणतील ते त्याला खरं वाटतं. वर्गात एखाद्या पक्षाचा प्रचार, एखाद्या जातीधर्माबद्दल विष, एखाद्या विद्यार्थ्याची खासगी माहिती चव्हाट्यावर मांडणं, हे सहन करू नये, याबद्दल दुमत नसावं. निवडणुकीचं काम ज्याच्या हाती, त्यानं उमेदवाराचा झेंडा खांद्यावर घेऊ नये. माझं म्हणणं या मर्यादांच्या अलीकडच्या प्रदेशाबद्दल आहे. शाळेत काय घडतं आहे, हे सांगण्याचा तो प्रदेश. तिथे गप्प बसण्याची किंमत शिक्षक देत नाही, दुसरंच कुणी देतं.

१६ जुलै २०१३. बिहारच्या सारण जिल्ह्यातलं गंडामन गाव. दुपारचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेलं होतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी तेल वेगळं दिसतंय अशी शंका काढली होती आणि मुख्याध्यापिकेनं ती बाजूला सारून स्वयंपाक करायला लावलं, असं पुढे आलं. मुख्याध्यापिकेला २०१६ मध्ये शिक्षा झाली. शाळेच्या उतरंडीत त्या स्वयंपाकीण बाई सगळ्यांत खाली होत्या. महाराष्ट्रात आज शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बाईला महिन्याला २,५०० रुपये मानधन मिळतं. ती कायम नाही, तिला सेवापुस्तिका नाही, उद्यापासून येऊ नको म्हटलं की संपलं. तिनं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा 'हे तेल मी वापरणार नाही' म्हणावं, अशी कोणती हमी आपण तिला दिली आहे? कर्मचाऱ्यांच्या स्वातंत्र्याबद्दल बोलताना आपण शिक्षकांवरच थांबतो. मुलांच्या ताटाशी जी बसते, तिच्या तोंडी शब्द असणं माझ्या लेखी त्याहून तातडीचं आहे.

२०१९ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यात मुलांना पोळीबरोबर मीठ वाढलं जात असल्याचं चित्रीकरण बाहेर आलं तेव्हा ते करणाऱ्या पत्रकारावरच गुन्हा दाखल झाला. नंतर त्यातून त्याचं नाव वगळलं गेलं. पण आतून माहिती बाहेर देणाऱ्यांना जो धडा मिळायचा तो मिळून गेला होता.

आपल्या घरचं उदाहरण याहून मोठं आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्रभर एकाच वेळी शाळांची पटपडताळणी झाली. नांदेड जिल्ह्यात आधी झालेल्या पडताळणीनं डोळे उघडले होते. राज्यभर हजेरीपटावरच्या जवळपास २० लाख मुलांचा पत्ता लागला नाही. वीस लाख नावं. प्रत्येक नाव कुणीतरी हजेरीपटावर लिहिलं होतं, रोज त्यापुढे खूण केली होती. हजारो शिक्षकांना हे ठाऊक होतं. कुणी का बोललं नाही? काहींचा त्यात स्वार्थ होता: पट कमी झाला की पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरतो, समायोजनात कुठेही फेकला जातो. काहींना संस्थाचालकांचा धाक होता, कारण संस्था बऱ्याचदा त्याच माणसाची असते जो तालुक्याचं राजकारण चालवतो. 'पाण्यात राहून माशाशी वैर कशाला,' ही म्हण शिक्षकांच्या खोलीत जितक्या वेळा ऐकू येते तितकी दुसरीकडे क्वचित येत असेल. भीती आणि सोय यांचं इतकं बेमालूम मिश्रण होतं की काही वर्षांनी माणसाला स्वतःलाही कळत नाही, आपण घाबरून गप्प आहोत की गप्प राहणं आपल्याला परवडतं म्हणून. शिक्षकांचा कैवार घेताना हे लपवून चालणार नाही. पण शिक्षण खात्याला स्वतःच्याच शाळांत किती मुलं आहेत हे कळायला साऱ्या राज्यात एकाच वेळी माणसं पाठवावी लागली, ही त्या खात्यातल्या बोलण्याच्या व्यवस्थेची परीक्षा होती आणि ती व्यवस्था त्यात नापास झाली.

एकत्र बोलण्याची सोय आहे, हेही खरं. २५ सप्टेंबर २०२४ रोजी राज्यातले जिल्हा परिषद शिक्षक सामूहिक रजा टाकून रस्त्यावर उतरले. पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या १५ मार्चच्या संचमान्यतेच्या निर्णयाविरुद्ध आणि कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याविरुद्ध त्यांचा आवाज होता. २०१६ मध्ये मुलांसोबत सेल्फी काढून पाठवण्याचा आदेश निघाला तो शिक्षकांच्या विरोधामुळे बारगळला. संघटनांनी हे केलं, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. परंतु संघटना बोलते ती पेन्शन, वेतनश्रेणी, बदल्या, अशैक्षणिक कामं यांवर. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर कामं शिक्षकाला देऊ नयेत असं म्हणतं, आणि संघटना त्याची आठवण वेळोवेळी करून देतात. एका विशिष्ट शाळेतल्या एका विशिष्ट गैरप्रकारावर मात्र एकट्या माणसालाच तोंड उघडावं लागतं. तो शिक्षणसेवक असेल, तीन वर्षं मानधनावर आणि त्यानंतरच्या एका शेऱ्यावर त्याचं सगळं आयुष्य अवलंबून असेल, तर त्याच्याकडून ही अपेक्षा करणंच अन्याय आहे. विषय वरिष्ठाच्या वागणुकीचा असेल आणि शाळा दोनच शिक्षकांची, तर एकट्या तरुण बाईंचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

भीती कमी करता येते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. फेब्रुवारी २०१७ च्या धोरणानं जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकावर गेल्या. अवघड आणि सर्वसाधारण क्षेत्रं ठरली, सेवेची वर्षं मोजून क्रम लागू लागला. त्यात त्रुटी होत्या, पतिपत्नी दुरावल्याच्या तक्रारी झाल्या, धोरण पुढे सुधारावं लागलं. पण बदलीसाठी पदाधिकाऱ्यांच्या दारात उभं राहण्याची प्रथा त्यानं बरीच मोडली. बदलीचं हत्यार ज्यांच्या हातातून गेलं त्यांची नाराजी आणि ज्यांच्या मानेवरून ते उठलं त्यांचा सुटकेचा श्वास, दोन्ही त्या काळात ऐकू आले होते. म्हणजे शौर्याची प्रवचनं न देता, अधिकाऱ्याच्या मर्जीचा एक भाग नियमात बांधून टाकला की माणसं थोडी ताठ उभी राहतात. तोच न्याय नोटिशीला आणि निलंबनाला लावता येईल. तक्रार केल्यानंतर ठरावीक महिन्यांत त्या कर्मचाऱ्यावर कारवाई करायची असेल, तर तिचा तक्रारीशी संबंध नाही हे अधिकाऱ्यानं सिद्ध करावं आणि निर्णय तालुक्याबाहेरच्या माणसानं घ्यावा. जिल्हा परिषद शिक्षकांना न्यायाधिकरण द्यावं. पोषण आहाराबद्दल स्वयंपाकीण बाईनं नोंदवलेली हरकत त्याच दिवशी वहीत लिहिणं सक्तीचं करावं.

तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवणारा आणि त्याला सूडापासून वाचवणारा केंद्रीय कायदा तर तयारच आहे. संसदेनं तो मंजूर केला, ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो लागू करण्याची अधिसूचना आजवर निघालेली नाही.

ती निघेपर्यंत एक जागा मोकळी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पालकाकडे खुलासा मागता येत नाही, त्याची वेतनवाढ रोखता येत नाही, त्याची बदली होत नाही. तुमचं मूल अशा शाळेत शिकत असेल तर पुढच्या बैठकीला जा. पट किती, हजर किती, धान्य कसं आलं, शिक्षक महिन्यातले किती दिवस शाळेबाहेरच्या कामावर होते, हे विचारा. गुरुजी किंवा बाई उत्तर देताना अडखळल्या तर त्यांना कोंडीत पकडू नका. तुम्हाला जे दिसतं ते तुम्हीच सांगा आणि ते इतिवृत्तात तुमच्या नावानं लिहून घ्या.